एक चिप, तीन डोळे

माझा डोळा कमरेला असतो. निऱ्यांच्या डाव्या बाजूला, जाड पट्ट्यात अडकवलेल्या डब्यात. डबा दिसायला जेवणाच्या चपट्या डब्यासारखा, त्यामुळे गल्लीतलं कुणी ना कुणी रोज विचारतंच, "काय रोहिणीवहिनी, आज डब्यात काय?" मी सांगते, "तुमचं तोंड." त्यांना तो विनोद वाटतो. पण त्या क्षणी डब्यात खरोखर त्यांचंच तोंड तयार होत असतं. ते कितपत त्यांचं असावं, यावरून मी सरकारी समितीशी आणि सख्ख्या नवऱ्याशी भांडले. बाई भांडखोर आहे असं तुम्हाला वाटलं असेल तर बरोबर वाटलं आहे.

मी रोहिणी मल्लिनाथ म्हेतर. इचलकरंजीत एकोणीस वर्षं कापड तपासलं. मागावरून उतरलेला कापडाचा ताका तिरक्या काचेवरून सरकत जातो, काचेखाली दिवा असतो, आणि तपासणारीनं त्यातल्या चुका धरायच्या असतात. तुटलेला उभा धागा, सुटलेला आडवा धागा, गाठ, तेलाचा डाग. डोळे ताणून शोधणारीला काही सापडत नाही. डोळे सैल सोडायचे, कापड वाहू द्यायचं, आणि चूक आली की ती आपणहून टोचते. तिथं लाल दोऱ्याचा टाका घालायचा आणि शेवटी ताक्याच्या कडेला आपला शिक्का मारायचा. माझा शिक्का 'रो. म्हे. ७'. हा शिक्का बघितला की आमच्या कारखान्याच्या मालकांचं, बाळगोंडाआण्णांचं, गिऱ्हाईक ताका उलगडूनसुद्धा बघत नसे. मला दागिन्यांची हौस कधी नव्हती, पण त्या शिक्क्याचा मला गर्व होता.

मग काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांच्या मागच्या नसा मारल्या. चार वर्षं मी काळोखात काढली. त्या काळात मल्लिनाथनं माझं सगळं केलं. नवऱ्याला मी समोर 'अहो' म्हणते, लिहिताना तेवढा मान द्यायला हात वळत नाही. तो माग दुरुस्त करणारा जॉबर. माझा काळजीवाहक असल्याचा दाखला दाखवून त्यानं कायमची पहिली पाळी मागून घेतली, दुपारी घरी येऊन स्वयंपाक केला, माझ्या साड्यांना पिना लावल्या. एकदाही आवाज चढवला नाही. कुणीच चढवला नाही. माझी नणंद, जिच्याशी माझं लग्नापासून वाकडं, तीसुद्धा गोड बोलायला लागली. आंधळीशी कोण भांडतं? मला त्या गोडव्याचा इतका वीट आला होता की एखाद्यानं सणसणीत शिवी दिली असती तर मी त्याला चहा पाजला असता.

चार वर्षांनी सरकारची दृष्टी योजना आली. कल्पना तशी साधी आहे. डोळा फक्त उजेड गोळा करतो आणि नसेतून मेंदूकडे पाठवतो. बघणं घडतं ते मेंदूच्या मागच्या भागात. माझी नस मेली होती, मेंदू ठणठणीत होता. म्हणून चष्म्यात कॅमेरा, कवटीच्या आत मेंदूवर चार हजार टोकांची केसाहून बारीक जाळी, आणि दोघांच्या मधे एक ग्राफिक्स कार्ड. हो, तेच. ज्याच्यासाठी आमच्या वेळची कॉलेजातली मुलं बापाशी अबोला धरायची. खेळातली जंगलं आणि मोटारी पडद्यावर रंगवणारं कार्ड आता माझ्या मेंदूवर इचलकरंजी रंगवणार होतं. जाळीच्या एका टोकाला वीज दिली की काळोखात एक ठिपका उजळतो. चार हजार ठिपक्यांत सगळं जग बसवायचं, तर कुठला ठिपका केव्हा आणि किती उजळायचा, हे कार्डानं सेकंदाला साठ वेळा ठरवायचं. बारीक बघायचं असेल तर चष्म्याची दांडी दाबायची, की सगळे ठिपके तळहाताएवढ्या जागेवर गोळा होतात.

योजनेनं तीन कंपन्यांची कार्डं मंजूर केली होती. प्रत्येक पंधरा दिवस वापरून बघायचं आणि एक निवडायचं. निवडलं की जाळीला त्या कंपनीचं कुलूप लागणार, कायमचं. बाहेरच्या कुणी मेंदूत काही घुसवू नये म्हणून ही खबरदारी. कारण पटण्यासारखं होतं, पण याचा अर्थ निवडण्याची संधी आयुष्यात एकदाच.

मी तिन्ही डबे पिशवीत घालून, मल्लिनाथचा हात धरून जनता चौकात अस्लम मोमीनच्या दुकानात गेले. अस्लमभाईंनी पंचवीस वर्षं खेळवाल्यांची कार्डं दुरुस्त केली होती. त्यांनी तिन्ही डबे उघडले, बराच वेळ स्क्रू ठेवल्याचे आवाज आले.

"चिप तिन्हीत एकच, वहिनी," ते म्हणाले. "एकाच कारखान्यात भाजलेली. चिपवाला नुस्ती चिप विकतो. बाकीचे ती विकत घेऊन आपापल्या पाटीवर, सर्किट बोर्डावर, बसवतात. तांबं किती लावायचं, पंखा कुठला, चिपला वीज किती पाजायची, सगळं ज्याचं त्याचं. पीठ एकच, भाकरी ज्याच्या त्याच्या हातची."

"मग चांगली भाकरी कुणाची?"

"ही व्हेलोरिन. मोठी कंपनी. पंखाच न्हाई, आवाज न्हाई, गार राहते. ही डोनॅक्स, मधली. आणि ही एरुंबू, कोइमतूरची. एरुंबू म्हंजे त्यांच्यात मुंगी. पाटीवर मुंगी छापलीय बघा. दोन पंखे, तांब्याचा ठोकळा, आणि वजन विटेएवढं."

"पंखा नसून गार कशी राहते?" हे मल्लिनाथनं विचारलं. जॉबरचा प्रश्न.

"काम कमी करते म्हणून. साठच्या साठ चित्रं खरी काढायची तर चिप तापणार. म्हणून व्हेलोरिन आठातलं एक चित्र खरं काढते. मधली सात अंदाजानं भरते. आधी काय दिसलं, त्यावरनं पुढं काय दिसंल."

"अंदाज तर आपण सगळेच करतो," मी म्हटलं. मला तेव्हा फक्त बघायचं होतं. कुणी म्हटलं असतं की आठातलं अर्धं चित्र खरं आहे, तरी मी हात पुढे केला असता.

व्हेलोरिन पहिल्यांदा जोडली तो दिवस मी विसरणार नाही. दवाखान्याच्या खोलीत मल्लिनाथ, नणंद आणि बाळगोंडाआण्णा माझ्यासमोर उभे होते. काळोखात आधी ठिपके सांडले, मग ते एकमेकांना धरू लागले, आणि त्यातून माझा नवरा तयार झाला. हसत होता. तिघंही हसत होते. मी रडले, पण कॅमेऱ्याला पाणी येत नाही, त्यामुळे रडतानाही सगळं स्वच्छ दिसत होतं.

पुढचे दिवस सुखाचे गेले, खोटं कशाला सांगू. जिने, रस्ते, रिक्षा, सगळं मऊ आणि सलग. डबा गार, कमरेला आहे हेसुद्धा विसरायला होई. मल्लिनाथ घरात फिरायचा तो प्रसन्न चेहऱ्यानं. मी त्याच्याकडे बघत बसायची आणि तो लाजायचा. पन्नाशीला आलेला माणूस, रोज दाढी करायला लागला. "अशी काय बघतीस?" म्हणायचा, आणि त्याला आवडतंय हे आवाजातनं कळायचं.

पाचव्या दिवशी मी कामावर गेले. बाळगोंडाआण्णांनी कपाटातून माझा शिक्का काढून हातात दिला. काच, दिवा, सरकतं कापड. मी डोळे सैल सोडले. कापड दुधासारखं वाहत राहिलं. एका आठवड्यात मी एकवीस ताके तपासले आणि फक्त तीन टाके घातले. माग सुधारलेत, मी मल्लिनाथला म्हटलं, तुमची लोकं आता शिकली वाटतं. तो खूश झाला.

एकवीसच्या एकवीस ताके परत आले.

आण्णांनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर ते रचून ठेवले होते. आण्णा चढ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलले, आणि ते मला जास्त लागलं. "रोहिणीबाई, तुमच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून मी बघितलं न्हाई. गिऱ्हाइकानं शिवायला घेतलं तर पाठीवर पट्टे. आडवे धागे गायब हायेत, जागोजाग."

मी ताका ओढला, चष्म्याची दांडी दाबली, बघितलं. कापड अखंड होतं. धाग्यामागून धागा, एकही कमी नाही. "आण्णा, मी माझ्या डोळ्यांनी बघतेय. इथं काही नाही."

त्यांनी माझा हात धरला आणि बोट कापडावर ठेवलं. चार वर्षं बोटांनी जगलेली बाई मी. बोटाखाली फट लागली. वीतभर लांब, स्पष्ट. डोळ्यांना अजूनही कापड अखंडच दिसत होतं. मी बोट काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं.  माणूस भांडणात शेवटी काय म्हणतो? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणतो. मला ते वाक्यच उरलं नव्हतं.

तशीच अस्लमभाईंकडे गेले. त्यांनी कार्डाला तार जोडली, कापडाचा तुकडा कॅमेऱ्यापुढे धरला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"तुमची चूक न्हाई वहिनी. ह्याला कारखान्यात कोट्यवधी चित्रं दाखवून अंदाज शिकवलाय. त्यात कापड म्हंजे अखंड कापड. फाटक्याचे फोटो कोण काढतंय? एक धागा दिसला न्हाई की ह्याला वाटतं, कॅमेऱ्याची चूक. मग हा भला माणूस तो धागा स्वतः विणून तुम्हाला दाखवतो."

"आणि ते आठातलं खरं चित्र? त्यात तर फट दिसेल."

"दिसते की. पण सातांच्या मधे एक वेगळं आलं की चित्र लुकलुकणार. लुकलुकलं की माणूस तक्रार करणार. म्हणून कार्डात भरलेला प्रोग्राम काय करतो, खऱ्याला सातांसारखं करून घेतो."

मी कापडाचा तुकडा घडी करून पिशवीत टाकला. मग मला भलतंच सुचलं. "आणि माणसांची तोंडं?"

अस्लमभाईंनी कार्डाची तार काढली. "ओळखीचा चेहरा दर वेळी नव्यानं काढत न्हाईत. पहिल्या दिवशी काढून ठेवतात. मग तोच लावायचा, ओठ तेवढे बोलण्याबरोबर हलवायचे."

पहिल्या दिवशी. दवाखान्यात. तिघं हसत होते त्या दिवशी.

मी घरी आले. मल्लिनाथनं दार उघडलं आणि तो नेहमीप्रमाणे हसत होता. मी ताके परत आल्याचं सांगितलं, तरी हसत होता. शिक्का आण्णांनी परत घेतला म्हटलं, तरी हसतच होता, आणि आवाज मात्र रडवेला होऊन म्हणत होता, "जाऊ दे गं, सोड ते काम. मी हाय की." मी डबा काढून ठेवला आणि संध्याकाळभर काळोखात बसले. काळोख निदान फसवत नव्हता.

दुसरं कार्ड, डोनॅक्स, फार सांगण्यासारखं नव्हतं. काम वाढलं की त्यातली तारांची वेटोळी बारीक शिटी वाजवायची, त्यामुळे रिक्षावाले मागे वळून बघत. चारात एक चित्र खरं. फट कधी दिसायची, कधी बुजायची. पूर्ण खोट्यापेक्षा हे जास्त वाईट, कारण कशावर विश्वास ठेवायचा तेच कळेना. पंधरा दिवस संपायच्या आधीच मी ते काढून ठेवलं.

मग मुंगी.

एरुंबू जोडली आणि पहिल्या मिनिटाला मला मळमळलं. सेकंदाला चौदाच चित्रं, पण सगळी खरी, अंदाजाचं एकही नाही. जग हिसके देत पुढे सरकायचं, माणूस इथं असायचा आणि एकदम तिथं. चित्रात सगळीकडे दाणेदार मुरमुरे. दोन्ही पंखे असे ओरडायचे की देवळात गेले तर पुजाऱ्यानं मिक्सर बंद करा म्हणून सांगितलं. दोन तासांत बॅटरी संपायची. तिसऱ्या दिवशी जिन्यावरची शेवटची पायरी दोन चित्रांच्या मधे राहून गेली आणि मी गुडघा फोडून घेतला. पाचव्या दिवशी कमरेला रुपयाएवढा फोड आला. मी पट्ट्याखाली जाड गोधडीचा तुकडा घातला आणि कारखान्यात गेले.

"आण्णा, ते एकवीस ताके अजून आहेत?"

"आहेत. का?"

"काचेवर घाला."

कापड सरकू लागलं. कसलं दूध आणि कसलं काय. खरखरीत, थरथरतं, घाणेरडं चित्र. मला वाटलं यात काय दिसणार. तरी डोळे सैल सोडले. आणि अकराव्या मीटरला टोचलं. मी थांबले, दांडी दाबली. फट. वीतभर, आडवी, उघडी. इतकी सुंदर गोष्ट मी चार वर्षांत पाहिली नव्हती. मी लाल दोरा ओवला आणि टाका घातला. दर दोन तासांनी बॅटरी बदलत तीन दिवसांत एकवीस ताक्यांत चौसष्ट चुका काढल्या. आण्णांनी गिऱ्हाइकाची यादी समोर धरून मोजल्या. गिऱ्हाइकाला एकोणसाठ सापडल्या होत्या. आण्णांनी कपाट उघडून शिक्का माझ्यापुढे सरकवला.

त्या दिवशी मी घरी आले ती हवेत. मल्लिनाथ ओट्यापाशी वांगी चिरत होता. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. कारण तो हसत नव्हता. आतापर्यंत घरी पाय ठेवला की बॅटरी वाचवायला मी डबा काढून ठेवत होते, मुंगीतून त्याचं तोंड आज पहिल्यांदाच नीट बघत होते.

कपाळावर तीन आठ्या. डोळ्यांखाली थैल्या. एका बाजूची दाढी राहिलेली, आणि ओठ असे मिटलेले की जबड्याचं हाड वर आलेलं. चार वर्षांत हा माणूस इतका म्हातारा झाला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो, काय झालंय?"

"कुठं काय? काय न्हाई." आवाज तोच, गोड.

"तोंड बघा की तुमचं."

त्यानं गालाला हात लावला, जणू चोरी सापडली. मग सुरी खाली ठेवली. "बघितलंस? समाधान झालं? दमलोय मी. चार वर्सं झाली, कामावरनं येतो, पुन्हा कामाला लागतो. तुला डोळं आलं, वाटलं सुटलो. तर तू हा पेटता डबा कमरेला बांधून जिन्यावरनं पडतीस. त्या पहिल्या डब्यात काय वाईट होतं? माझ्याकडं कशी बघायचीस! आता बघतीस ते ताका तपासल्यागत."

"मी तुमच्याकडे बघतच नव्हते. पहिल्या दिवशीच्या फोटोकडे बघत होते."

"मला चालत होतं ते!"

"मला नाही चालत!"

आणि आम्ही भांडलो. पाऊण तास. वांगी काळी पडली. त्यानं माझ्या माहेरचा उद्धार केला, मी त्याच्या बहिणीचा. भांडण संपल्यावर मला रडू आलं, आणि त्यात वाईट वाटल्यापेक्षा आनंद जास्त होता. माझा नवरा मला परत मिळाला होता. त्याला मात्र तसं काही वाटलं नसावं. तो न जेवता झोपला.

पंधरा दिवस संपले आणि समितीकडून गुणपत्रकं आली. तेव्हा मला कळलं की निवड माझी आहे हे अर्धंच खरं. प्रत्येक कार्डाला शंभर गुण. पन्नास दवाखान्यातल्या चाचणीचे, आणि पन्नास 'काळजीवाहकाचे समाधान' या रकान्यातले. सत्तरच्या खाली गेलं तर ते कार्ड मिळणार नाही. व्हेलोरिनला चाचणीत सेहेचाळीस, मल्लिनाथनं दिलेले अठ्ठेचाळीस. एरुंबूला चाचणीत एकोणचाळीस. मल्लिनाथनं दिले होते सतरा.

कोल्हापूरला समितीपुढे आम्ही शेजारी शेजारी बसलो, मधे माझा डबा घोंघावत होता. अध्यक्ष डॉक्टर नेर्लेकर हे सभ्य गृहस्थ. त्यांनी पत्रकं माझ्यापुढे ठेवली.

"ताई, व्हेलोरिनला चौऱ्याण्णव. आमच्याकडे इतके क्वचित पडतात. एरुंबूला छप्पन्न. प्रश्नच उरत नाही."

"चौऱ्याण्णवातले अठ्ठेचाळीस ह्यांचे आहेत. बघणार मी आहे."

"घरातल्या माणसांचं समाधानही महत्त्वाचं असतं. रुग्ण आनंदी, घर आनंदी."

"डॉक्टर, व्हेलोरिन घालून मी तुमच्याकडे बघितलं असतं, तर तुम्ही आत्ता मला नकार देताना हसताना दिसला असता. ते चालेल तुम्हाला?"

ते किंचित चमकले. मला तेही दिसलं. "मला समजतंय. पण मी नियमाबाहेर जाऊ शकत नाही. काळजीवाहकांनी गुण वाढवले तर गोष्ट वेगळी. चौदा वाढवले तरी पुरे."

मी मल्लिनाथकडे वळले. "अहो?"

त्यानं मान हलवली. "न्हाई. मी खोटं लिवणार न्हाई. तुझा गुडघा फुटला, कमर भाजली. तू घरातनं बाहेर पडलीस की परत येईपतूर माझा जीव टांगणीला. मला सतराच वाटलं, मी सतराच दिलं."

मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला, एकाच वेळी. त्याचे सतरा खरे होते. मी खऱ्यासाठी भांडत होते आणि त्याला म्हणणार होते की एवढं एक खोटं लिही. ते माझ्यानं झालं नाही.

मी पत्रक ओढलं आणि दांडी दाबली. सगळी चार हजार टोकं त्या कागदाच्या तळावर आणली. तिथं मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात टिपा छापल्या होत्या, ज्या लाभार्थीनं वाचाव्यात अशी कुणाची अपेक्षा नसते, कारण लाभार्थी आंधळा असतो. चित्र हिसके देत होतं. मी एकेक अक्षर धरून वाचलं. चौथ्या टिपेशी थांबले, आणि मोठ्यानं वाचली. "काळजीवाहक नसलेल्या लाभार्थींच्या बाबतीत चाचणीचे गुण दुप्पट धरावेत."

एकोणचाळीस दुणे अठ्ठ्याहत्तर.

"ते एकट्या राहणाऱ्यांसाठी आहे," डॉक्टर म्हणाले.

"तसं लिहिलेलं नाही. काळजीवाहक नसलेल्या, असं लिहिलंय. तो रकाना कोण भरतं?"

"लाभार्थी. पण ताई, हे शेजारी बसलेत की तुमच्या!"

"हे माझे नवरे आहेत. काळजीवाहक नाहीत."

मी पेन घेतलं, रकान्यातलं मल्लिनाथचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'नाही'.  चार वर्षं माझ्या साड्यांना पिना लावणाऱ्या माणसाचं नाव मी त्याच्यासमोर खोडत होते.

"दाखला रद्द होईल," डॉक्टर हळूच म्हणाले. "ह्यांची सवलत जाईल. तुम्हाला काही झालं तर योजना ह्यांना कळवणार नाही."

"म्हंजे सोमवारपास्नं मला पुन्हा रात्रीची तिसरी पाळी," मल्लिनाथ म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"आणि घरचं कोण बघणार?"

"मी. मला दिसतं आता."

तो माझ्याकडे बघत राहिला. सेकंदाला चौदा चित्रं, आणि प्रत्येक वेगळं. राग होता, पुरता होता. अपमान होता. मग भीती आली, तीच जी गेले पंधरा दिवस तो आवाजात लपवत होता. आणि मधेच एका चित्रात, फक्त एकाच, मला असं काही दिसलं की त्याला नाव देता येत नाही, पण लग्नाच्या आधी आम्ही पहिल्यांदा भेटलो आणि मी त्याला ठामपणे नाही म्हटलं होतं, तेव्हा तो असा दिसला होता. पुढच्या चित्रात ते गेलं.

डॉक्टरांनी उसासा टाकला. "ठीक आहे. नियमात बसतंय. पण ओळखीच्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही लागेल. बाहेर कुणी असेल तर बघा."

मी उठणार तेवढ्यात मल्लिनाथनं माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. "बाहेर कशाला? मी मेलोय का? पण मला हे पटलेलं न्हाई, तेबी लिवून घ्या."

"त्याला रकाना नाही हो."

"रकाना न्हाई तर न्हाई." त्यानं कागद आपल्याकडे फिरवला, सही ठोकली, आणि समासात जागा शोधून आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहू लागला. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे ढकलला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मी दांडी दाबली. 'हे मला मान्य नाही. मल्लिनाथ म्हेतर, नवरा.'

मी ते दोनदा वाचलं. मग कमरेचा तापलेला डबा सावरला आणि डॉक्टरांना म्हटलं, "लावा कुलूप."